सांगलीच्या रस्त्यावरचं बाळंतपण

एका बाळंतपणापायी माझं नर्स व्हायचं राहिलं, असं मी रागाच्या भरात कधी कधी म्हणते. पण ते खरं नाही. बाळंतपणाला फार तर तास-सव्वा तास गेला असेल. बाकीचं आम्ही शहाण्यासुरत्या माणसांनी केलं, आणि त्यात मीही आले. अठरा वर्षांची होते, तरी आलेच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना माझा फार कळवळा यायला नको.

माझं शिक्षण सातवी. पुढचं माझं मी वाचलं, तेही पोराच्या नावावर वाचनालयातनं पुस्तकं आणून. त्यामुळं मला लिहिणं आणि बोलणं यातला फरक अजून नीट कळत नाही. बोलते तसं लिहिते. तुम्ही ऐकताय असं समजते.

गाव सातारा जिल्ह्यातलं. नाव नाही सांगत, माणसं अजून आहेत. आमची आई सुईण होती. गावात ते काम आमच्याच वस्तीतल्या बायकांकडं. कुणाच्याही घरात बाई अडली की माणूस वस्तीच्या तोंडाशी येऊन लांबनं हाक मारायचा. आई हातातलं टाकून निघायची. मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताची लुगडी ओढ्यावर नेऊन धुवायची. बाळंतिणीच्या अंगाला हात लावलेला तेवढे दिवस चालायचा. एकदा घर सारवून झालं, बाळंतीण न्हाली, की आई परत दाराबाहेरची. तिला मिळायचे थोडे जोंधळे, एखादं विटकं लुगडं, आणि भाकरी. भाकरी वरनं पदरात टाकायची, हाताला हात लागू न देता.

मी लहानपणी तिच्याबरोबर जात असे. पदर कसा धरायचा ते मला अक्षर ओळखायच्या आधी यायला लागलं होतं. दोन्ही हातांनी धरायचा, जरा खोलगट करायचा, मान खाली घालायची. भाकरी पडली की एक पाऊल मागं सरायचं.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा पलटणीतनं पेन्शनवर आले होते. ताठ माणूस. खेड्यात राहून रोज बुटाला पॉलिश करणारा. वस्तीची बैठक बसली तेव्हा आबा उभे राहिले आणि म्हणाले, "मेलेलं ढोर वढायचं न्हाई. भाकरी मागायची न्हाई. आन आमच्या बायका हितनं फुडं कुणाची नाळ कापाय जाणार न्हाईत." पहिली दोन कलमं सगळ्याच गावांत झाली होती. तिसरं आबांचं स्वतःचं. आई दाराशी बसून ऐकत होती. तिला कुणी विचारलं नाही. तिचं म्हणणं तिनं मला सांगितलं, तेही चार दिवसांनी, चुलीपुढं. "ढोर मेल्यालं असतंय गं. बाळातीण जित्ती असती."

दोन वर्षांनी गावातली एक बाई अडली. माणूस हाक मारायला आला, आबांनी त्याला वस्तीच्या तोंडावरनंच परत पाठवला. "तालुक्याला न्या. दवाखाना हाय, डाक्टर हाय." ती बाई वाटेतच गेली, बैलगाडीत. आई त्या दिवशी जेवली नाही. आबाही जेवले नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. नुसतं आईचं लिहून भागणार नाही. पण कलम मोडलं नाही.

आता हे सगळं सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग अशा माणसानं पोरीला नर्सिंगला पाठवायचं कसं कबूल केलं? अहो, कबूल कसलं, तेच माझ्यापेक्षा उतावीळ झाले. शाळेतल्या मास्तरांनी जाहिरात दाखवली. सातवी पास मुली, दाईपणाचं सरकारी शिक्षण, शिकताना राहायला जागा. मास्तरांनीच अर्ज भरला. आबा म्हणाले, "नर्स फुडच्या दारानं आत जाती. डाक्टर तिला बाई म्हणतोय. मग काप म्हणावं नाळ." काम तेच. दार बदललं की सगळं बदलतं, हे त्यांचं म्हणणं. त्या वयात मला ते पटलंही होतं. आजही अर्धं पटतं.

कार्ड आलं. सांगलीला विश्रामबागेकडच्या एका कचेरीत सकाळी दहा वाजता हजर राहायचं होतं. आईनं एक पांढरं लुगडं कुणाकडनं तरी मागून आणलं, नर्स पांढरं नेसते म्हणून. वस्तीतली निम्मी माणसं एस.टी.पर्यंत पोचवायला आली. एक म्हातारा म्हणाला, "आता आमाला सुई टोचाय ईशील तवा जरा हळू टोच बाई." सगळी हसली. आबाही हसले. आबांचं ते हसणं माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण नंतर ते फार कमी बघायला मिळालं.

आदल्या दिवशी सांगलीत जाऊन आम्ही आबांच्या पलटणीतल्या एका ओळखीच्या घरी उतरलो. सकाळी चहा घेऊन निघालो. पाऊण तासाची वाट. टांग्यानं जायचं कशाला, आबा म्हणाले, वेळ भरपूर आहे. त्यांच्या मनगटावर लष्करातलं घड्याळ होतं, ते दर दोन मिनिटांनी बघत होते. साडेआठ वाजले होते. मी मनात उत्तरं घोकत होते. नाव काय, शिक्षण काय, या कामात का यावंसं वाटतं.

बाजारपेठेचा रस्ता होता. हळदीच्या पोत्यांच्या गाड्या चालल्या होत्या, दुकानांच्या फळ्या उघडत होत्या. आमच्या पुढं एक टांगा होता. मागनं एक ट्रक आला, त्यानं भोंगा वाजवला, आणि घोडं बुजलं. टांगा कडेला ओढला गेला, एक चाक गटारात उतरलं आणि टांगा कलंडला. आतनं दोन बायका खाली आल्या. एक म्हातारी आणि एक माझ्याच वयाची पोरगी. पोरगीचं पोट हे एवढं.

म्हातारीला फार लागलं नव्हतं. ती उठली आणि तिनं जो गळा काढला तो अजून माझ्या कानात आहे. "आवं कुणी बाई हाय का बाई! सून माझी! काल दुपारधरनं कळा देतीया, दवाखान्यात न्हेत हुते वो!"

माणसं जमली. सगळे बाप्ये. कुणी घोडं धरलं, कुणी टांगेवाल्याला शिव्या घातल्या. एक म्हणाला, दुसरा टांगा आणा. दुसरा म्हणाला, हलवू नका. पोरगी गटाराच्या कडेला पाठीवर पडली होती आणि लुगडं ओलं झालं होतं. समोरच्या माडीवर दोन बायका कठड्याला टेकून बघत होत्या. म्हातारीनं त्यांच्याकडं बघून हात जोडले. त्या आत गेल्या. मला वाटलं खाली येतायत. त्या आल्याच नाहीत.

मी थांबले. आबांनी माझा दंड धरला.

"चल."

"आबा, तिचं पाणी गेलंय."

"दिसतंय मला. हितं दवाखाना हाय, गावात धा सुईणी असत्याल. चल म्हंतो ना."

"धा सुईणी कुठं दिसत्यात तुमाला? माडीवरच्या दोघी आत गेल्या."

आबांनी आवाज खाली आणला. "आईक माझं. तासाभरानं आत जाऊन तुजं नाव लागू दे, मग जल्मभर हेच कर, मी न्हाई म्हणणार न्हाई. पर हितं रस्त्याव बसलीस तर काय म्हंत्याल? सुईणीची पोरगी सुईण. घरातनं सात वर्सामागं घालवलं ते बाजारात आणून मांडनार तू? कळतंय का तुला?"

"मला कळतंय. तिला कळतंय का आबा?"

मी असं कधी त्यांना बोलले नव्हते. त्यांनी दंड सोडला आणि रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन उभे राहिले. आमच्याकडं पाठ करून.

मी बसले. खरं सांगते, मला नीट काहीच येत नव्हतं. आईनं मला कधी हात धरून शिकवलं नव्हतं, मी कोपऱ्यात बसून बघितलं होतं. नंतर आमच्या दोन शेळ्यांची वेतं मी केली होती, तेवढंच. पण हात टेकवला आणि कळलं की आता कुठं हलवायची सोय नाही. डोकं लागत होतं.

समोर शिंप्याचं दुकान होतं. मी ओरडले, "काका, कापड द्या, आडोसा करा!" तो भला माणूस. सबंध ठाण घेऊन आला आणि चार बाप्ये पाठ फिरवून ते धरून उभे राहिले. दोरा मागितला, दिला. कात्री मागितली तर म्हणाला, "कात्री न्हाई हां देणार. इटाळ हुईल. मला दिवसभर गिऱ्हाइकांची कापडं बेतायची हायती." आडोसा धरणाऱ्यांतला एक जण हसत म्हणाला, "आरं, ते पोरगं मोठं झालं की तुझ्याकडंच शिवून घील की चड्डी." शिंपी काही हसला नाही. शेवटी किराणा दुकानातनं कुणीतरी दाढीचं कोरं पातं आणून दिलं.

पोरगी माझ्या मनगटाला धरून होती. तिची नखं रुतली होती. म्हणत होती, "आक्का, मी मरतीया का?" तिच्यापेक्षा मी फार तर दोन महिन्यांनी मोठी असेन. मी म्हणाले, "मरायला येळ हाय व्हय तुला? लाव जोर." आईच बोलत होती ते, माझं तोंड फक्त.

डोकं आलं आणि बघते तर नाळ गळ्याला गुंडाळलेली. पण बोट आपोआप आत गेलं आणि नाळ सैल करून डोक्यावरनं काढली. आई काळ्या शेळीच्या वेळी असंच करताना म्हणाली होती, वढायचं न्हाई, उकलायचं. तशी उकलली. बाळ आलं. निळं. रडेना. मी त्याचं तोंड बोटानं पुसलं, पालथं धरलं, पाठ चोळली, फुंकर मारली. मग ते एकदा मांजरासारखं बारीक बोललं, आणि मग चांगलं मोठ्यानं रडलं.

मी दोऱ्यानं दोन ठिकाणी बांधून नाळ कापली. वारही पडली, पुरी पडली का ते मी उलटून बघितलं. आई बघायची तसं.

म्हातारी खाली बसली. आधी तिनं बाळाकडं बघितलं आणि म्हणाली, "पोरगीच व्हय." मग माझ्याकडं वळली. तिचे डोळे खरोखर भरून आले होते. तिनं दोन्ही हातांनी माझे गाल कुरवाळले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "देवानं धाडली गं बाई तुला. माझी सून वाचीवलीस. कुठली गं तू? कुणाच्यातली?"

मी गावाचं नाव सांगितलं. म्हटलं, "आमी बौद्ध."

"मजी?"

तिला खरंच कळलं नव्हतं. ठाण धरून उभ्या असलेल्यांतल्या एकानं तिला कळेल त्या जुन्या शब्दात सांगितलं. वाईट मनानं नाही, नुसती माहिती दिल्यासारखं.

म्हातारीचे हात मागं गेले. राग नव्हता तिच्या तोंडावर. उलट कोडं सुटल्यासारखा चेहरा झाला. "व्हय का! तरीच म्हटलं मी. ह्या कामाला तुमच्यातल्याच बायका हुशार. आमच्या गावची म्हातारी बी अशीच हुती, आता न्हाई म्हंत्यात बया, माजल्यात." आणि सुनेकडं बघून, "पोरगा असता तर लुगडं नेसवलं असतं बघ हिला."

असं म्हणत तिनं आपलं गाठोडं सोडलं. दवाखान्यात राहावं लागेल म्हणून भाकरी बांधून आणली होती. तिनं दोन भाकरी काढल्या, वर चटणीचा गोळा ठेवला आणि हात उंच धरून माझ्यासमोर उभी राहिली.

आणि मी पदर पसरला.

मी हे कितीतरी वेळा मनात उलटून बघितलंय. मला भूक नव्हती. मला ती भाकरी नको होती. कुणी मला धर म्हणालं नव्हतं. सात-आठ वर्षं मी पदर पसरला नव्हता आणि कुणी पसरावा असं आमच्या वस्तीत म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण तिचा हात त्या उंचीला गेला आणि माझ्या हातांनी पदराची दोन टोकं धरली. खोलगट केली. मान खाली गेली. भाकरी पडली. मी एक पाऊल मागं सरले. सगळं जिथल्या तिथं बरोब्बर आलं, एवढंसुद्धा चुकलं नाही.

मान वर केली तर आबा रस्ता ओलांडून आले होते. त्यांनी बाळंतपण बघितलं नाही, बाळाचं रडणं ऐकून वळले असतील, आणि बघितलं ते एवढंच. सांगलीच्या भर बाजारात त्यांची लेक रक्ताच्या हातांनी पदर पसरून उभी आहे आणि त्यात वरनं भाकरी पडतेय.

ते म्हातारीला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "टाक ती."

भाकरी टाकवत नाही हो. मी ती टांग्याच्या घोड्यापुढं ठेवली. म्हातारी मागनं ओरडली, "आगं, खा की! गरम हायती!" तिचं तेही मायेनंच होतं. म्हणूनच मला आजपर्यंत तिचा धड रागही करता आला नाही, आणि तो नाही करता आला म्हणून आणखी चीड येते. दुसरी गाडी आली, सुनेला आणि बाळाला त्यात घातलं, आणि ती माणसं गेली. ती पोरगी जाताना माझ्याकडं बघत होती. तिला नाव विचारायचं माझं राहिलं, माझंही तिला सांगायचं राहिलं.

नळावर हात धुतले. पांढऱ्या लुगड्याला पुढनं डाग पडले होते. एका पडक्या भिंतीआड जाऊन मी लुगडं उलटं फिरवून नेसले, डाग निऱ्यांच्या आत घातले. चालायला लागलो तेव्हा आबांच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आम्ही पळालोच म्हणा ना. आबा पुढं, मी मागं.

कचेरीच्या पायरीपाशी ते थांबले. मला वाटलं आता शिव्या घालणार. मला त्या चालल्या असत्या. पण ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, एवढं माझं आईक. आत त्ये सांगू नगंस. एस.टी. बंद पडली म्हण."

"आबा, बाळंतपणच तर केलं. त्यासाठीच तर हे घेणार हायती."

"पदर पसरलीस ते बी सांगशील?"

मी पदराचं टोक कमरेत खोचलं.

"एक गोष्ट सांगितली की दुसरी निघती. कुणी केलं, कसं येतं, कुणाची तू, आई काय करती. सुईणीची पोर सुईणच व्हनार म्हणून हसत्याल आन मग घेत्याल तुला. मला तसं घ्यायला नगं हाय." आणि मग ते म्हणाले, "तुज्या पाया पडतो." खरंच वाकले ते. त्यांचे हात माझ्या पायापाशी आले तेव्हा मीच मागं झाले. पलटणीतला माणूस. दंगलीत, लढाईत न वाकलेला.

आत मुलाखती संपत आल्या होत्या. कारकून म्हणाला, वेळ टळली, यादी वर गेली. आबांनी फार विनवणी केली तेव्हा आतल्या बाईंनी बोलावलं. पन्नाशीच्या असतील, चष्मा, कडक इस्त्रीचं पांढरं पातळ. त्यांनी माझा सातवीचा दाखला बघितला, अक्षर बघितलं, आणि घड्याळाकडं बोट केलं.

"दहाची वेळ दिली होती. अकरा वाजून गेले."

आबा म्हणाले, "एस.टी. बंद पडली बाईसाहेब. पेठनाक्याला."

"आदल्या दिवशी यायचं होतं. बाकीच्या मुली आल्याच ना?" मग त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "या कामात वेळ पाळावी लागते, मुली. तुमची एस.टी. बंद पडली म्हणून बाळ काय पोटात थांबून राहणार आहे?"

मी खाली बघत होते. त्या जरा पुढं वाकल्या.

"हात दाखव."

मी हात पुढं केले. नळावर घाईत धुतलेले. नखांच्या कडांना तांबडं राहिलं होतं, मनगटावर त्या पोरगीच्या नखांचे चार ओरखडे होते. बाईंनी ते बघितले. आयुष्य त्याच कामात गेलेलं असणार त्यांचं. त्यांना काहीतरी कळलं होतं, हे मी आज शपथेवर सांगते. त्यांचा आवाज बदलला.

"हे काय झालं? घाबरू नकोस. खरं काय ते सांग, मग बघू काय करायचं ते."

एक वाक्य होतं माझ्याकडं. रस्त्यात बाळंतपण केलं. तीन शब्द. गळ्यातली नाळ कशी काढली ते सांगितलं असतं तर त्यांनी मला तिथनं हलू दिलं नसतं. आबा माझ्या शेजारी ताठ उभे होते, हात दोन्ही बाजूला, अटेन्शनमध्ये. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मला बघायची गरजही नव्हती.

मी म्हणाले, "पडले रस्त्यात."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी दाखला परत दिला. "पुढच्या वर्षी अर्ज कर. वेळेवर ये."

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं होतं. लोणंदला दिलं मला. नवरा चांगला, सासू चांगली, त्याबद्दल काही नाही. बाजारात कांदे निवडायला लागले, पुष्कळ वर्षं निवडले. पण ते पुढचं. आधी आम्ही त्या दिवशी घरी कसे गेलो ते.

वस्तीवर माणसं वाट बघत होती. आबांनी पिशवी ठेवली, पाणी प्याले आणि म्हणाले, "न्हाई घेतलं." का म्हणून विचारल्यावर ते वाकून बूट काढायला लागले. आणि म्हणाले, "आपल्या पोरींस्नी न्हाई घेत ते. कागद बघितला, जात बघितली, येळ टळली म्हणून बाहेर काढलं." माणसांनी माना हलवल्या. कुणालाच नवल वाटलं नाही. खोटं असलं तरी त्यात काही अशक्य नव्हतं ना. रोज कुठं ना कुठं तसं होतच होतं. म्हणून तर ते इतकं चटकन बसलं.

आईला मी दुसऱ्या दिवशी ओढ्यावर सगळं सांगितलं. तिनं पदराचं ऐकलं, कचेरीचं ऐकलं. विचारलं एवढंच, "वार पुरी पडली हुती का?" मी हो म्हणाले. ती लुगड्याचे डाग घासत राहिली. ते निघाले नाहीत. ज्यांचं होतं त्यांना दुसरं घेऊन द्यावं लागलं.

लग्नानंतर पहिल्या सणाला मी माहेरी आले होते. तेव्हा वस्तीतल्या एका पोरीचा बाप माझ्याकडं आला. साधा माणूस, शेतावर मजुरीला जाणारा. हातात कार्ड होतं, तसंच, विश्रामबागेच्या त्याच कचेरीचं. त्याच्या पोरीनं माझं बघून अर्ज केला होता. पोरगी त्याच्या मागं उभी होती, माझ्याकडं टक लावून बघत. माझ्यापेक्षा हुशार होती ती, गणितात तर फारच.

तो म्हणाला, "बाय, तुजे आबा म्हंत्यात, आपल्यातल्या पोरींस्नी घेत न्हाईत. तू सोता आत गेली हुतीस. तूच सांग. जायायचा खर्च बी लय हाय, आन परत पाठवलं तर पोरीच्या मनाला लागंल. घेत्यात का न्हाई?"

आबा ओसरीवर बसले होते. बुटाला पॉलिश चाललं होतं. त्यांचा हात थांबला. मला माहीत होतं की त्या बाई तिथं आहेत, त्यांनी मला खरं सांग म्हटलं होतं, पुढच्या वर्षी ये म्हटलं होतं. मला हेही माहीत होतं की मी आता खरं सांगितलं तर आबा सगळ्या वस्तीपुढं खोटे पडतात, आणि मग पदराची गोष्टही निघते.

मी म्हणाले, "न्हाई घेत, काका."

त्यानं मान हलवली. पोरगीनं बापाच्या हातातनं कार्ड घेतलं आणि घडी घातली. दुसऱ्या दिवसापासनं ती तिच्या आईबरोबर रानात भांगलायला जायला लागली.